शाई कोणती घालायची ते मी ठरवीन

झेरॉक्सकाकूंच्या दुकानात एका प्रतीबरोबर एक मत फुकट मिळायचं. मोबाइलची बॅटरी उघडता येऊ नये अशी चिकटवून टाकतात, ही चक्क दादागिरी. हेल्मेटचा कायदा योग्यच, पण झाडाआड लपून पकडणं काही खरं नाही. टीव्हीवर बातम्या सांगणाऱ्यांनी आधी घोटभर पाणी प्यावं आणि मग बोलावं. गिऱ्हाइकं मान डोलवायची, कागद उचलायची आणि चालू पडायची. काकूंचे यजमान शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होते. त्यांच्या तोंडून दिवसाकाठी वीस शब्द निघाले तरी खूप. "आमच्याकडे बोलायचं खातं माझ्याकडे आहे," असं काकू हसून सांगायच्या.

एका सोमवारी दुकान उघडलं, तर प्रिंटर ढिम्म हलेना. पडद्यावर अक्षरं उमटली होती : 'फक्त कंपनीचीच शाई वापरा.' काकू गेली चार वर्षं रिकामं कार्ट्रिज सुईनं पुन्हा भरून वापरत होत्या, आणि कधी अडलं नव्हतं. त्यांनी कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, काल इंटरनेटवरून तुमच्या प्रिंटरमध्ये सुधारणा झाली आहे."

"सुधारणा? चालतं यंत्र बंद पाडलंत, त्याला सुधारणा म्हणता?" काकूंचा पारा चढला. "यंत्र माझं. त्यात शाई कोणती घालायची ते मी ठरवीन!"

आठवडाभरात त्यांनी ग्राहक न्यायालयात स्वतःच्या हातानं तक्रार लिहून दिली. वकील केला नाही. बोलायला दुसरा माणूस कशाला लावायचा?

पहिल्या तारखेला काकू वीस मिनिटं बोलल्या. मोबाइलच्या बॅटरीपासून सरकारच्या धोरणापर्यंत सगळं येऊन गेलं. कंपनीचे वकील शांतपणे उठले. "बाहेरच्या शाईनं यंत्राचं नुकसान होतं. तक्रारदारांचा प्रिंटर त्यामुळेच बंद पडला."

न्यायालयाच्या अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "बाई, तुमचं मत समजलं. पुरावा काय आहे?"

काकूंनी तक्रारीचे कागद उलटसुलट करून पाहिले. इतकी वर्षं मतं मांडली, पण हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. घरी आल्या त्या तोंड पाडूनच. यजमानांनी सगळं ऐकून घेतलं, पाण्याचा पेला पुढे केला आणि म्हणाले, "दोन प्रिंटर. एकाच जातीचे. फरक फक्त त्या सुधारणेचा. शाई तीच."

काकू ताडकन उठल्या. "अहो, हे आधी सांगायला काय झालं होतं!"

मग शोध सुरू झाला. काकूंनी दवाखाने, शिकवण्या, टायपिंगचे वर्ग असं सगळं पालथं घातलं. सहाव्या दिवशी एका दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे अगदी तस्साच प्रिंटर निघाला. इंटरनेटला तो कधीच जोडलेला नव्हता. "वायर कुठे लावायची तेच मला समजलं नाही," डॉक्टरीणबाई ओशाळून म्हणाल्या. काकूंनी आनंदाच्या भरात त्यांचे दोन्ही हात धरले. "नाही समजलं तेच फार बरं झालं!"

पुढच्या तारखेला काकू आणि यजमान एकेक प्रिंटर पोटाशी धरून जिना चढले. टेबलावर दोन्ही यंत्रं शेजारी शेजारी मांडली. आज काकूंच्या तोंडातून अवांतर एक शब्द नाही. सुईनं भरलेलं कार्ट्रिज आधी आपल्या प्रिंटरमध्ये घातलं. नकार. कंपनीचं घातलं, तर तोच प्रिंटर बिनतक्रार छापू लागला. मग ते भरलेलं डॉक्टरीणबाईंच्या प्रिंटरमध्ये घातलं. यंत्र गुरगुरलं, खडखडलं आणि कागद सरसरत बाहेर आला. काळीभोर, स्वच्छ अक्षरं!

"योगायोग असू शकतो," वकील म्हणाले.

"मग पुन्हा करा," अध्यक्षबाई पुढे वाकून म्हणाल्या. त्यांच्याही डोळ्यांत आता उत्सुकता होती. पाच वेळा अदलाबदल झाली आणि पाचही वेळा तेच घडलं. मागच्या बाकांवर आपापल्या तारखेची वाट बघत बसलेली माणसं उठून पुढे आली. कुणीतरी टाळी वाजवली, तेव्हा शिपायानं "शांतता!" म्हटलं खरं, पण तोही मान उंचावून बघत होता.

महिन्याभरानं निकाल लागला. कंपनीनं काकूंचा प्रिंटर पूर्ववत करून द्यावा, आणि यापुढे अशी सुधारणा करताना ग्राहकाला आधी स्पष्ट विचारावं. काकू दुकान तसंच उघडं टाकून शाळेकडे पळत सुटल्या. प्रयोगशाळेत तास चालू होता. यजमान परीक्षानळ्या विसळत होते.

"जिंकलो!" काकू दारातूनच ओरडल्या. "अहो, जिंकलो आपण!"

यजमानांनी नळी जपून स्टँडला लावली, हात पुसले आणि ते वर्गाकडे वळले. "मुलांनो, जरा इकडे लक्ष द्या," ते म्हणाले आणि सगळी हकिकत पहिल्या सोमवारपासून सांगू लागले. प्रिंटर कसा अडला, काकू सहा दिवस कशा वणवण हिंडल्या, कागद कसा सरसरत आला. हातवारे करत, आवाज चढवत ते पंधरा मिनिटं बोलत होते. शिक्षिका खडू हातात धरून ऐकत राहिल्या.

काकू दाराला टेकून धापा टाकत उभ्या होत्या. मध्ये दोनदा त्यांना बोलावंसं वाटलं, पण त्या बोलल्या नाहीत.