फवारणीच्या दिवसांत बांधलेली गाडी

आमच्या आर्णीच्या गॅरेजमध्ये एक जुनी लहान हॅचबॅक धूळ खात उभी होती. मालकाची बदली झाली, तो गाडी न्यायला आलाच नाही, आणि शेवटी कागदांवर सह्या करून त्याने ती माझ्या नवऱ्याच्या गळ्यात मारली. नवरा आधी पुण्यात शर्यतीच्या गाड्या तयार करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये होता. तिथे त्याच्या डोळ्यांसमोर एक गाडी उलटली. इंजिनावर सगळी हौस केलेली, पण आत बसणाऱ्याला वाचवेल असं काही नव्हतं. तो ड्रायव्हर पुन्हा चालला नाही. आम्ही पुणं सोडून गावाकडे आलो त्यामागे हेही एक कारण होतं. वेगाचं वेड मात्र नवऱ्याने सोबत आणलं होतं.

दर हिवाळ्यात लांबच्या एका बंद पडलेल्या धावपट्टीवर गाड्या सरळ रेषेत पळवण्याची स्पर्धा भरायची. एका वेळी एकच गाडी पळायची आणि यंत्र तिचा वेग मोजायचं. लहान इंजिनांचा गट वेगळा असायचा. ती हॅचबॅक तिथे न्यायचं त्याच्या डोक्यात बसलं होतं.

मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. माझं माहेर यवतमाळचं, सगळी माणसं ऑफिसात जाणारी; जिवावर बेतेल अशी हौस आमच्याकडे कोणी केली नव्हती. मी त्याला म्हटलं, "गाडी उलटली तरी तुम्ही आपल्या पायांनी बाहेर आला पाहिजे. तशी करता येत असेल तर करा."

तो म्हणाला, "तशीच करायची आहे. माणूस चुकणारच. तो चुकणार हे धरूनच गाडी बांधायची असते."

हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.

कापसाचे दिवस वाईट चालले होते. बोंडअळी येणार नाही म्हणून घेतलेल्या बियाण्याला बोंडअळी लागत होती. ट्रॅक्टरवाले मोडलेलं तसंच वापरत होते, त्यामुळे गॅरेजमध्ये कामापेक्षा वेळ जास्त होता. मदतीला माझा दीर यायचा. महागावच्या वाटेवरचं घरचं वावर तो करायचा. दरवर्षी कापूस आणि मधल्या ओळींत तूर. दुपारी वावरातून परतताना मोटरसायकल गॅरेजसमोर लावायचा आणि न विचारता पाइपाचं दुसरं टोक धरायचा.

आधी त्यांनी आतलं सगळं काढून टाकलं. मग बिनजोडाच्या पोलादी पाइपांचा पिंजरा उभा केला. डोक्यामागे एक जाड कमान, तिथून पुढे दोन पाय, दारांवर आडवे पाइप, आणि प्रत्येक पायाखाली फरशीच्या दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या. पेट्रोलची टाकी काढून मागे छोटी टाकी बसवली, तिच्या आणि ड्रायव्हरच्या मध्ये पत्र्याची भिंत. सहा पट्ट्यांचा बेल्ट, आग विझवायचं नळकांडं, आतून आणि बाहेरून वीज तोडायची बटणं. पुढचा-मागचा भार मोजायला गाडी एका जिनिंगच्या धर्मकाट्यावर नेली. कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली होती. रांगेतल्या एका म्हाताऱ्याने वाकून आत पाहिलं आणि दिराला विचारलं, "काहून रे, यात वाघ ठेवता काय?"

"माह्या भावाले ठेवून राह्यलो," दीर म्हणाला. रांग हसली. त्या दिवशी आम्ही सगळेच हसलो होतो.

स्पर्धेचा एक नियम होता. डोळ्यांवर पट्टी बांधून ड्रायव्हरला सगळे बेल्ट सोडून, वीज तोडून, गाडीबाहेर येता यायला हवं. धुरात काही दिसत नाही म्हणून. दोघा भावांचा बांधा सारखा, त्यामुळे नवरा बाहेर उभा राहून आधी धाकट्याकडून करून घ्यायचा. कुठला पाइप गुडघ्याला लागतो, बटण हाताला कुठे सापडत नाही, हे त्यावरून कळायचं. छातीवरचं बक्कल चाचपून एका झटक्यात फिरवायचं हे दिराला नवऱ्याहून लवकर जमलं.

त्या पावसाळ्यात कापसाची पराटी माणसाच्या डोक्यावर गेली. पीक वाढलं म्हणून सुरुवातीला लोक खूश होते, मग अळी दिसली आणि फवारणी सुरू झाली. पाठीवर पंप घेऊन त्या उंच ओळींमधून जाणं म्हणजे औषधाच्या धुक्यातून चालणं. फवारा वर मारावा लागायचा आणि तो तोंडावर, मानेवर परत यायचा. दुकानदार दोन औषधं मिसळायला सांगायचा, वर अजून एक पुडी द्यायचा. डब्यावरचे शब्द इतके बारीक की मला चष्मा लावूनही धड वाचता येत नसत.

त्याच दिवसांत नवऱ्याचा पोशाख आला. आगीत जळणार नाही असा, गळ्यापासून घोट्यापर्यंत. सोबत हातमोजे, बूट, डोक्यावर चढवायची टोपी. ते सगळं घालून तो गॅरेजमध्ये उभा राहिला. दीर वावरातून आला तेव्हा त्याचा शर्ट पाठीला चिकटलेला होता आणि डोळे लाल.

मी म्हटलं, "भाऊजी, तोंडाला काही बांधत जा हो."

"बांधतो न वहिनी, दुपट्टा बांधतो. पण या उबाऱ्यात जीव घुसमटते. अन् तोही ओलाच होते."

दुसऱ्या दिवशी मी मेडिकलमधून मास्क आणून दिले. कागदासारखे पातळ होते. दुकानात तेवढेच होते.

मग एका संध्याकाळी जावेचा फोन आला. तिचं बोलणं नीट कळत नव्हतं. दीर वावरातून घरी आला, उलट्या झाल्या, आणि आता दिसत नाही म्हणतो. आम्ही त्याला यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात नेलं. वॉर्डात तशीच आणखी माणसं होती. काही फवारणीच्या मजुरीवर जाणारे, काही स्वतःच्या वावरात फवारणारे, सगळ्यांच्या अंगाला तोच वास. काही जण भ्रमात ओरडत होते. दीर उठून पळू पाहायचा म्हणून त्याचे हात खाटेला बांधले होते. डोळ्यांवर ओल्या पट्ट्या होत्या. मधूनच तो बांधलेली बोटं छातीकडे न्यायला धडपडायचा आणि काहीतरी फिरवल्यासारखं करायचा.

जावेला वाटलं त्याला छातीत दुखतं आहे. तो काय शोधतो आहे हे नवऱ्याला कळलं. तो बाहेर जाऊन व्हरांड्यात बसला आणि बराच वेळ आत आला नाही.

दीर वाचला. उजव्या डोळ्याने त्याला उजेड तेवढा कळतो, डाव्याने माणसाचा आकार. हात कापतात. घरी आणल्यावर सरकारी चौकशीला एक साहेब आले. चहा घेतला आणि विचारायला लागले. हातमोजे घातले होते का? चष्मा? वाऱ्याकडे तोंड करून फवारलं का? दोन औषधं कोणाच्या सल्ल्याने मिसळली? उपाशीपोटी गेला होता का?

दीर प्रत्येक प्रश्नाला "नाई साहेब" म्हणत होता, चोरी कबूल केल्यासारखा.

मी म्हटलं, "दुकानात हातमोजे मिळतात का, ते विचारलंत का तुम्ही?"

"मॅडम, काळजी शेतकऱ्यानेच घ्यायला पाहिजे," ते शांतपणे म्हणाले. "डब्यावर सगळं लिहिलेलं असतं."

जावेने मदतीचं विचारलं. ते म्हणाले, मृत्यूची प्रकरणं आधी घेतली आहेत, जखमींचं वरून काही आलं तर कळवू. काही आलं नाही. दीर मेला नव्हता, म्हणून त्याचं काही झालंच नव्हतं.

मला वाटलं होतं, नवरा आता गाडीला हात लावणार नाही. थोडे दिवस त्याने लावलाही नाही. मग दीरच म्हणाला, "दादा, तू जाय. माह्यासाठी कायले थांबतं? सारं तर तयार हाय." नवऱ्याला कोणीतरी असं म्हणायलाच हवं होतं. तो लगेच तयारीला लागला. त्या लगेचचा मला आलेला राग अजून गेलेला नाही.

त्याच्यासोबत मी गेले, कारण घरी बसून जावेच्या तोंडाकडे पाहणं त्याहून कठीण होतं. धावपट्टीवर तपासनीस होते. एकाने पिंजऱ्याचा प्रत्येक जोड हाताने चाचपला, बेल्ट ओढून पाहिले, डब्याची तारीख पाहावी तशी हेल्मेटवरची तारीख वाचली. नवऱ्याला पट्टी बांधून दोनदा बाहेर यायला लावलं. हातमोज्याची शिवण एका बोटाशी उसवलेली होती. तेवढ्यावरून त्याने नवऱ्याला थांबवलं आणि दुसरा जोड आणून दिला. "इथं आम्ही कोणाच्या जिवाशी खेळत नाही," तो अभिमानाने म्हणाला. माणूस चांगला होता. मला त्याची कॉलर धरावीशी वाटली.

गाडी सुरेख पळाली. शेवटपर्यंत सरळ, मागचा भाग जरासुद्धा तरंगला नाही. पिंजऱ्याला काही झेलावं लागलं नाही, आगीचं नळकांडं जसंच्या तसं राहिलं. नवरा बाहेर आला, हेल्मेट काढलं, घामाने निथळत हसला. कित्येक महिन्यांनी हसला होता. त्याने माझा हात धरला आणि तो मी सोडवून घेतला.  

पुढच्या हंगामात जावेने कापूसच लावला. दुसरं काय लावणार, हे तिला कोणी सांगू शकलं नाही. पिकाला फवारणी आली तेव्हा मजूर मिळेनात. आदल्या वर्षीचं सगळ्यांनी पाहिलं होतं. एका दुपारी ती आमच्याकडे आली. नवरा तिथेच खुर्चीत बसला होता, पण ती भासऱ्यांशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, समोरून बोलत नाही, म्हणून मला म्हणाली, "ताई, इचारा न त्याईले. तो गाडीचा डरेस फवारणीले चालते काय? आता पडूनच हाय न तो."

नवऱ्याने मान वर केली नाही. "नाही चालत. तो आगीसाठी असतो. कापड ओलं झालं की औषध आत शोषून घेईल, अंगालाच धरून ठेवेल. त्यापेक्षा साधा शर्ट बरा."

"बरं," ती म्हणाली, आणि जरा वेळ बसून गेली.

त्यानंतर तो चिडल्यासारखा कामाला लागला. हातगाड्यावर टाकी आणि मागे लांब नळ्या, म्हणजे माणूस पुढे चालेल आणि फवारा मागे पडेल, असं काहीतरी त्याने बांधलं. काळ्या ओल्या मातीत गाड्याची चाकं रुतली, ओळींच्या फांद्या मोडल्या. जावेने तो धुऱ्याला, वावराच्या बांधावर, लावून ठेवला. अजून चांगलं करतो म्हणाला, पण गॅरेजमध्ये कामं यायला लागली होती आणि ते राहूनच गेलं.

गाडी एका इंजिनिअरिंग कॉलेजवाल्यांनी नेली. विद्यार्थ्यांना सुरक्षित गाडी कशी बांधतात ते दाखवायचं होतं. ट्रक आला त्या दिवशी दीर गॅरेजच्या दाराशी बसला होता. गाडी चढवताना त्याने आवाजावरून विचारलं, "मागचं चाक नीट बांधलं न दादा?" नवरा हो म्हणाला.

मी थांबले नाही. जाऊ सकाळपासून वावरात होती, नाका-तोंडाला जुनी ओढणी बांधून, पाठीवर पंप घेऊन. बाहेर आल्या आल्या तिला अंग धुता यावं म्हणून मी साबण, बादली आणि धुतलेलं लुगडं घेऊन धुऱ्यावर जाऊन बसले. पराटीच्या वर फक्त फवाऱ्याचं टोक दिसत होतं, आणि ते हलत होतं तोवर ती चालत होती एवढं मला कळत होतं.