रिकाम्या देवळाचं बोलावणं

वीणा त्यांनी खाली ठेवली. माझ्या मायच्या हातात नाही दिली.

मी तेव्हा शाळेत जायची. तिरोड्याजवळचं आमचं गाव. देवळासमोर मांडव, अखंड नामसप्ताह सुरू. सप्ताहात वीणा सात दिवस खाली टेकवायची नसते. एकाच्या गळ्यातून निघाली की लगेच दुसऱ्याच्या गळ्यात. टेकली की सप्ताह भंगला. हे आम्हाला गावानंच शिकवलेलं. धान कापणीचे दिवस होते. दुपारी सगळं गाव बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात. मांडवात फक्त एक म्हातारे वीणेकरी उभे, आणि त्यांना भोवळ आली.

माय मांडवाबाहेर उभी होती. आम्ही बांबूचं काम करणारे. गावाबाहेरच्या आमच्या टोलीतली, आमच्या वस्तीतली सुपं, टोपल्या देवळात जायच्या. आम्ही नाही. मायला सगळे अभंग पाठ. ती बाहेरूनच गायची, आतल्यांच्या मागे मागे. म्हातारा पडतो हे पाहून ती धावली. दोन्ही हात पुढे केले.

"हात नोको लावू वो," देवळाच्या ओट्यावरून मालक ओरडले. मालक म्हणजे देवळाच्या कमिटीचे अध्यक्ष. म्हाताऱ्यानं मालकाकडे पाहिलं. मायच्या हातांकडे पाहिलं. आणि कापत कापत खाली बसून वीणा सतरंजीवर ठेवून दिली.

सप्ताह भंगला. त्याचं कोणालाच काही नाही. मग गोमूत्र आणलं. वीणेवर नाही शिंपडलं. माय जिथपर्यंत आत आली होती, तिथपर्यंत शिंपडलं. माझ्या डोळ्यांसमोर.

घरी येऊन माय म्हणाली, "माहीच चुकी झाली. पुढं जाले नोको होतं."

त्या दिवशी माझा देव गेला. मायचा नाही गेला. ती बांबू सोलताना गातच राहिली.

पुढे मी शिवणकाम शिकले. तिरोड्याला लहानसं दुकान टाकलं. रोज जाते, संध्याकाळी मायजवळ परत येते. या काळात गाव पार बदललं. मालक वारले. पोरं कोणी वीज प्रकल्पात शिफ्टला, कोणी नागपूर, कोणी पुणे. जी गावात आहेत त्यांना गणपतीत डीजे पुरतो. देवळात सांजेला दोन-तीन म्हातारे, तेही गुडघे धरून. सप्ताहाला पहाऱ्यावर, म्हणजे पाळीनं वीणा धरून उभं राहायला, माणूस मिळेना. एका वर्षी तर पेनड्राइव्ह लावून नाम चालवलं. दुपारभर ते एकाच ओळीवर अडकून पडलं होतं आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही. बाया हसत होत्या. मीही हसले.

मग गेल्या सप्ताहाला मालकांचा मुलगा आमच्या टोलीत आला. कमिटी आता त्याच्याकडे. त्यानं आमच्या दाराशी चप्पल काढली. आजवर त्या घरातलं कोणी आमच्या दारात उभं राहिलं नव्हतं.

"काकी, आता कोनी जातपात मानत नाही," तो म्हणाला. "दुपारचा पहारा तू धर. तुले सारं पाठ आहे. मानूसच नाही उरला देवळात."

तो गेला आणि माय माझ्याकडे वळली. "मले बोलावलन वो बाई. मले."

मला त्याचं शेवटचं वाक्य ऐकू आलं होतं. मायला पहिलंच ऐकू आलं. तिनं पेटीतलं लुगडं काढलं, अंगणात उन्हात टाकलं, दोनदा हात फिरवून पाहिला. मी काय बोलणार? दुकान बंद ठेवलं आणि तिच्यासोबत गेले.

देऊळ रिकामं. पुजारी मोबाईलवर. मालकांच्या मुलानं वीणा मायच्या गळ्यात घातली. तिनं डोळे मिटले आणि गायला लागली. मी देव मानत नाही. तरी रडले. खोटं कशाला सांगू? साऱ्या जन्माची भूक त्या आवाजात होती.

ऊन उतरलं तशी गाडी आली. कीर्तनाचे महाराज, सोबत नागपूरचे पाहुणे. मालकांचा मुलगा लगबगीनं आत आला.

"काकी, काढ आता. महाराज येऊन राहिले. फोटो निघतीन. तू मांगच्या दारानं जा."

मायनं वीणा काढून दिली. त्यानं ती उपरण्यानं पुसली. मायचा हात होता तिथंच पुसली. मग स्वतःच्या गळ्यात घातली.

माय मागच्या दाराकडे वळली. तिची ती पाठ मला पाहवली नाही. मी तिचा दंड धरला.

"माय, समोरून."

"राहू दे वो बाई."

"समोरूनच जायचं."

आम्ही समोरच्या दारातून निघालो. महाराज पायरी चढत होते, त्यांना बाजूला व्हावं लागलं. मालकांचा मुलगा मागे आला. हळूच म्हणाला, "उद्या दुपारी पाठवजो मायले. धरमाचं काम आहे."

"नाही येणार," मी म्हणाले. "धरम तुमचा आहे. तुमीच उभे राहा."

रस्त्यात माय माझ्या पुढे चालत होती. टोलीजवळ आल्यावर थांबली.

"त्यायचं जाऊ दे. देवानं तरी काई म्हनाले पायजे होतं का नाही?"

मी तिला घरात घेऊन गेले.

तेव्हापासून माय गात नाही. बांबू सोलते, सुपं विणते, तोंडातून अक्षर नाही. तिची श्रद्धा सुटावी असं मला कितीदा वाटलं होतं. सुटली तेव्हा माझंच काळीज फाटलं. म्हातारपणी तिच्याजवळ दुसरं होतंच काय? तिला द्यायला माझ्याकडे त्या जागेवर काही नाही.

गावात म्हणतात, मोबाईलनं धर्म बुडवला, शिकलेल्या पोरांनी बुडवला. म्हणोत. आमच्या घरातला कोणी बुडवला ते मी पाहिलं आहे.

यंदा सप्ताहाआधी तो पुन्हा आला. मी त्याला दारातच थांबवलं. तो हात जोडून म्हणाला, या वर्षी माणसं नाही मिळाली तर सप्ताह बंद करावा लागेल, देवळाला कुलूप लागेल.

माय आत होती. तिला ऐकू जात होतं. ती उठली नाही.

"लावा कुलूप," मी म्हणाले.

पुढच्या वर्षी आला तरी हेच सांगेन. माझ्या घरातलं माणूस त्यांची रिकामी जागा भरायला जाणार नाही.