झेपायचं न्हाई म्हणणाऱ्या मावशींचं सारण

मावशी सकाळी मागच्या दाराने स्वयंपाकघरात यायच्या, पिशवी खुंटीला अडकवायच्या, पदर खोचायच्या आणि ओट्याकडे न बघताच जाहीर करायच्या, "आज काय मला झेपायचं न्हाई." मग पीठ मळायला घ्यायच्या. दुपारपर्यंत सगळ्या खोल्यांचं जेवण तयार असायचं, भांडी पालथी पडलेली असायची आणि मावशी मागच्या पायरीवर चहाचा कप घेऊन, पाय लांब करून बसलेल्या असायच्या. नवीन आलेला नोकर पहिल्या दिवशी घाबरून मालकीणबाईंकडे धावायचा की स्वयंपाकाच्या मावशी आज करणार नाहीत म्हणतायत. जुने नोकर हसायचे. पाठीमागे सगळे त्यांना 'झेपायचं न्हाई मावशी'च म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे.

लोणावळ्यातल्या त्या जुन्या, कौलारू गेस्ट हाऊसमध्ये मी पुढचं टेबल आणि कोठीघर सांभाळते. घोरावाडीहून रोज लोकलने येते, रोज लोकलने जाते. मीही दमलेलीच असते, पण पुढच्या टेबलावर बसणाऱ्याला दमलेलं तोंड दाखवायची मुभा नसते. नाताळ ते एकतीस डिसेंबर तर विचारूच नका. रस्ता गाड्यांनी तुंबलेला, प्रत्येकाला त्याच क्षणी गरम पाणी हवं आणि प्रत्येकाला डोंगर दिसणारीच खोली हवी. तेव्हा सुरुवातीला मला मावशींचा रागच यायचा. आपण ओठ शिवून राबायचं आणि ही बाई मात्र उठल्यासुटल्या दमल्याचा डांगोरा पिटते! पुढे कधीतरी लक्षात आलं की त्या बोलून मोकळ्या होतात आणि कामाला लागतात, मी न बोलता दिवसभर ते ओझं घेऊन फिरते. मग मी चहा घ्यायला स्वयंपाकघरात, त्यांच्या ओट्याशेजारच्या स्टुलावर बसायला लागले.

मावशी तिकोणा किल्ल्याच्या पायथ्याच्या, तिकोणा पेठ गावच्या. दोन मुलगे, दोघांची लग्नं झालेली, घरची भातशेती. गेस्ट हाऊसच्या मागच्या खोलीत राहायच्या आणि आठवड्यातून एकदा घरी जाऊन यायच्या. आमच्या मालकीणबाई ख्रिस्ती. नाताळात त्यांची मुंबईची माणसं आणि वर्षानुवर्षांचे ठरलेले पाहुणे यायचे, आणि त्या दिवशी सारण भरलेला कोंबडा व्हायचा. मालकीणबाईंच्या आईच्या पद्धतीत ते सारण पावाचं. मावशींनी पहिल्या वर्षी पावाचे तुकडे दोन बोटांनी दाबून पाहिले आणि म्हणाल्या, "ह्यात हाय काय? नुसती हवा. सणाला मानसं बोलवायची आन् हवा खाया घालायची व्हय?"

दुसऱ्या वर्षी त्यांनी कुणाला न विचारता सारण धान्याचं केलं. रात्रभर भिजवून, निथळून कढईत भाजलेला खपली गहू, घरच्या शेतातला हातसडीचा तांबूस तांदूळ, दोन्ही मोकळे शिजवलेले. लोण्यात लाल केलेला कांदा. भाजलेले शेंगदाणे, काजू, मालकीणबाईंनी आणलेले अक्रोड. अंजिराचे तुकडे, बेदाणे, संत्र्याची बारीक किसलेली साल आणि तिकोण्याच्या उतारावरून आणून उन्हाळ्यात वाळवलेली करवंदं. वर मिरी, जायफळ. ज्यांना कोंबडा चालत नाही त्यांच्यासाठी तेच सारण लहान लाल भोपळ्यांत भरायचं, देठासकट कापलेलं झाकण वर बसवायचं आणि दोऱ्याने बांधायचं. मालकीणबाईंनी पहिला घास घेतला आणि ताट पुढे करून अजून मागितलं. त्यानंतर पावाचं नाव निघालं नाही.

मावशी ते सारण कधीही चाखून बघत नसत. साधी आमटीसुद्धा चाखत नसत, पण सारणाच्या बाबतीत तर फारच कडक. एकदा मी चमचा पुढे केला, तर त्यांनी तो माझ्या हातून काढून घेतला. "निवद चाखत्यात का?" मी म्हटलं, "मावशी, हा नैवेद्य कुठे आहे? नाताळचं जेवण आहे." तर म्हणाल्या, "मंग? बाईंच्या देवाचा वाढदिवस हाय ना? देव कुनाचा का असंना, निवद त्यो निवद." मालकीणबाईंना सांगितलं तेव्हा त्या खूप हसल्या आणि नंतर डोळे पुसत बसल्या.

चाखायचं नाही म्हटल्यावर सगळी भिस्त नाकावर. मीठ मुठीच्या अंदाजाने पडायचं, बाकी सगळं मावशी वासावर करायच्या. गहू भाजताना ओट्याकडे पाठ करून कांदा चिरत असायच्या आणि मध्येच म्हणायच्या, "उतरा त्यो." उतरवून बघावं तर दाणा बरोब्बर बदामी. अक्रोड खवट आहेत हे डबा उघडायच्या आधी सांगायच्या. कोंबडा भट्टीत असताना पायरीवर बसून डोळे मिटायच्या. आम्हाला वाटायचं झोपल्या, पण त्यांचं नाक जागं असायचं.

मग ती साथ आली. गेस्ट हाऊस बंद राहिलं, पुन्हा उघडलं. मधल्या काळात मावशींना ताप येऊन गेला होता. परत आल्या त्या वाळलेल्या, पण पहिल्याच सकाळी पिशवी खुंटीला अडकवून "आज काय मला झेपायचं न्हाई" म्हणाल्या आणि आमच्या सगळ्यांच्या जिवात जीव आला.

त्या वर्षीच्या नाताळात मी पुढच्या टेबलावर होते आणि मला करपल्याचा वास आला. आत जाऊन पाहते तर कढईतला गहू काळा पडलेला, धूर खिडकीतून बाहेर चाललेला आणि मावशी पाठ करून शांतपणे अंजिरं कापत बसलेल्या. मी गॅस बंद केला. त्यांनी वळून कढईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. पदराने हात पुसत हळूच म्हणाल्या, "तापापासनं वास येत न्हाई मला, बाई. कशाचाच न्हाई. कुनाला बोलू नका."

मी म्हटलं, "अहो, मालकीणबाई काय तुम्हाला खाणार आहेत का?"

"खानार न्हाईत. घरी बसवतील," मावशी म्हणाल्या. "घरी दोन सुना हायेत. दोघी चांगल्या हायेत, ताट हातात देत्यात. पर चुलीला हात लावू देत न्हाईत. हितनं उटले की मला दुसरी चूल न्हाई."

मी दार लोटून घेतलं, करपलेला गहू मागे नेऊन टाकला आणि कोठीतून नवा आणला. भिजवलेला नव्हता, म्हणून त्या वर्षी सारणात तांदूळच जास्त पडला. कुणाच्या लक्षात आलं नाही.

तेव्हापासून मावशींचं नाक मी झाले. भाजायच्या वेळी काहीतरी निमित्त काढून आत यायचं आणि ओट्यापाशी उभं राहायचं. मावशी विचारायच्या, "कसा येतोय?" आता वास शब्दांत सांगणं सोपं आहे का? मी म्हणायचे, "छान येतोय." त्या वैतागायच्या. "छान म्हंजी? वल्ला का कोरडा? नाकात जातोय का वरच्या वर फिरतोय?" मग मी डोळे मिटून खरंच वास घ्यायला शिकले. "ओल्या पोत्यासारखा," असं म्हटलं की त्या म्हणायच्या, "आजून लय येळ हाय." "पापड भाजल्यासारखा," म्हटलं की म्हणायच्या, "आता तितनं हलू नका." आणि मी "मावशी, आता भूक लागली," असं म्हटलं की त्या लगेच कढई उतरवायच्या. कांद्याचं वेगळं, शेंगदाण्याचं वेगळं, जायफळ किती पडलं त्याचं वेगळं. इतकी वर्षं मी जेवत होते, पण वास असा कधी घेतला नव्हता.

दोन नाताळ असे पार पडले. पाहुणे म्हणाले, सारण तसंच आहे. मालकीणबाई म्हणाल्या, यंदा जास्त चांगलं झालंय. मावशी पायरीवर पाय लांब करून बसल्या आणि माझ्याकडे बघून फक्त भुवई उडवली. मला त्या भुवईचं फार अप्रूप वाटलं.

तिसऱ्या नाताळची आदली दुपार. पाहुण्यांच्या बॅगा, चाव्या, पार्किंगची भांडणं यांत मी अडकले होते, आत जायला उशीर झाला. स्वयंपाकघराचं दार उघडलं तर गॅसचा भपकारा नाकात शिरला. वाऱ्याने मोठी शेगडी विझली होती आणि गॅस तसाच सुटत होता. मावशींना शेगडी विझलेली दिसली होती, म्हणून त्या पुन्हा पेटवायला निघाल्या होत्या. हातात लायटर. मी त्यांचा हात मनगटाला धरला आणि जोरात मागे ओढला. इतका जोरात की एक बांगडी फुटली. मग बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या, दोघी मागच्या पायरीवर जाऊन बसलो. आत खोल्यांमध्ये लहान मुलं खेळत होती, त्यांचा आवाज येत होता.

मावशी बराच वेळ पदरात अडकलेले फुटलेल्या बांगडीचे तुकडे वेचत राहिल्या. मी म्हटलं, "होतं असं. यापुढे मी येईपर्यंत शेगडी पेटवायचीच नाही. ठरलं."

"न्हाई बाई," त्या म्हणाल्या. "करपलं तर टाकून देता येतं. ही लेकरं हायेत."

गॅसचा वास गेल्यावर आम्ही आत गेलो. त्यांनी सारण पुरं केलं. मी वास सांगत होते, त्या हात चालवत होत्या. दुसऱ्या दिवशी कोंबडे भरून शिवले, भोपळ्यांची झाकणं बांधली. पंगत उठली आणि भांडी पालथी पडली, तशा मावशी हात धुऊन मालकीणबाईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि सगळं सांगितलं. तापाचं, करपलेल्या गव्हाचं, गॅसचं. माझं नाव मात्र घेतलं नाही.

मालकीणबाईंना रडू आलं. त्या म्हणाल्या, "मावशी, तुम्ही कुठे जायचं नाही. शेगडीचं काम दुसरी कुणी करेल. तुम्ही नुसत्या बसून सांगा."

मावशी म्हणाल्या, "बसून खायला मला घर हाय की."

खुंटीवरची पिशवी त्यांनी त्याच आठवड्यात काढली. निघताना ओट्यावरून हात फिरवला आणि मला म्हणाल्या, "फुडल्या साली गहू आदल्या राती भिजवा. इसराल." मी त्यांना स्टॅण्डपर्यंत सोडलं. परत आल्यावर ती रिकामी खुंटी बघून मला कोठीत जाऊन थोडा वेळ बसावं लागलं. मी अशी रडणारी बाई नाही, पण त्या दिवशी रडले.

पुढच्या नाताळाला सारण मी केलं. नवीन स्वयंपाकीण होती, पण सारणाचं काम मालकीणबाईंनी मला सांगितलं. का सांगितलं ते त्या बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही. पुढचं टेबल सांभाळून आत धावायचं, गहू भाजायचा, पुन्हा बाहेर येऊन हसायचं. आधी एक लहान भोपळा नमुन्याला म्हणून भरून भट्टीत घातला. तो झाल्यावर कापडात गुंडाळला आणि नाताळच्या दोन दिवस आधी, अर्धा दिवस सुट्टी काढून, पवनानगरला गेले. तिथून भरलेल्या जीपमध्ये कशीबशी जागा मिळवून तिकोणा पेठेला.

मावशी अंगणात खुर्चीवर बसल्या होत्या. स्वच्छ लुगडं, तेल लावून विंचरलेले केस, हात मांडीवर. त्या हातांकडे बघवत नव्हतं. सुनेने आमच्यापुढे चहा ठेवला, अगदी अगत्याने, आणि ती आत गेली. मी कापड सोडलं, झाकण काढलं. अजून थोडी ऊब होती. मावशींनी सवयीने खाली वाकून वास घेतला आणि मग काहीच न आल्यामुळे तशाच सरळ झाल्या.

"चाखलं न्हाई ना?" त्यांनी विचारलं.

"नाही."

त्यांनी चमचाभर सारण तोंडात घेतलं. मी म्हटलं, "मावशी, तुम्ही तर चाखताय."

"आता मी खानारी हाय. खानाऱ्यानं खायचंच असतं." हळूहळू चावत राहिल्या. "गहू बराबर हाय. दाताला कळतंय. करवंद लागलं. मीठ जरा कमी हाय, मीठ जिभंला कळतं अजून." मग आणखी एक चमचा घेतला. "वास कसा आलता?"

"भूक लागली होती, मावशी."

त्यांनी मान हलवली. आम्ही दोघी समोरच्या तिकोण्याकडे बघत बसलो. मी विचारलं, "तब्येत कशी आहे? दमायला होतं का?"

"आता कुटलं दमायला होतंय," मावशी म्हणाल्या. "आता समदं झेपतंय मला. करायलाच काय न्हाई."

परतीच्या फेरीचा जीपवाला खाली हॉर्न वाजवू लागला. मी उठले. कापडाची घडी करून पिशवीत टाकली. मावशींनी विचारलं, "परवा मानसं लय हायेत का?"

"सगळ्या खोल्या भरल्यात. वर बाहेरचे जेवायला येणार आहेत," मी म्हटलं, आणि पुढचं आपसूक तोंडातून निघालं. "मला काही झेपायचं नाही, मावशी."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग माझा हात धरून दोनदा थोपटला आणि कितीतरी दिवसांनी भुवई उडवली.

"मंग हुईल बराबर," मावशी म्हणाल्या.