मदुरेच्या फुटपाथवर दोनशे पंचे

रामनाथ माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा तो चार वर्षांचा, आईविना पोर, माझा पदर धरून घरभर फिरायचा. त्याचं नाक मी पुसलंय आणि त्याला चार धपाटेही मीच घातलेत. म्हणून त्याच्याबद्दल कोणी वाकडं बोललं की माझं डोकं फिरतं, हे आधीच सांगून ठेवते.

आमचं गाव मानकोली, पण घर भिवंडीत, धामणकर नाक्याच्या मागे. घरामागच्या शेडमध्ये रामनाथने चार जुने लूम बसवले होते. त्याआधी आठ वर्षं दुसऱ्याच्या लूमवर दोन-दोन शिफ्ट केल्या, कान अर्धे बहिरे करून घेतले, तेव्हा कुठे हे चार आले. त्यांवर तो पंचे विणायचा. माल एक नंबर, पण विकण्याच्या नावाने शंख! गिऱ्हाईक म्हणजे बाजारातला एकच दलाल, आणि त्यानेही त्र्याहत्तरच्या दिवाळीनंतर माल उचलणं बंद केलं. भिवंडीत पंच्याला काय तोटा, म्हणाला.

तेवढ्यात नाक्यावरच्या एका सूतवाल्याने गोदामासाठी आमची शेड मागितली. माझे मालक बाळाराम, रामनाथचे थोरले भाऊ, त्याला जवळजवळ हो म्हणून आले. रामनाथने पाय धरले तेव्हा एवढंच कबूल केलं की पौषात गावची बस रामेश्वरच्या यात्रेला जातेय, तिच्यातून दोनशे पंचे ने. सगळे विकून आलास तर लूम राहतील. गाठोडं परत आलं तर लूम भंगारात, आणि तू पुन्हा दुसऱ्याच्या दारात ड्युटीला. ह्यांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. रामनाथ आठ दिवस धड जेवला नाही.

मला रामेश्वर करायचाच होता, म्हणून मीही निघाले. निघायच्या आदल्या दिवशी मी एक शहाणपण केलं. आमच्यात कोरं पांढरं कापड तसंच कोणाच्या हातात देत नाहीत, कोरं कापड मढ्यावर घालतात. म्हणून दोनशेच्या दोनशे पंच्यांच्या टोकाला मी हळदकुंकवाचं बोट लावलं. दुपारभर बसून लावलं. रामनाथ खूश झाला, म्हणाला, वयनीच्या हाताला यश हाय.

मदुरेत बस दोन दिवस थांबणार होती. तिथे पोंगलचा सण तोंडावर आलेला, घरात सगळ्यांना नवं कापड घ्यायची रीत, त्यामुळे रस्त्यावर मुंगीला पाय ठेवायला जागा नव्हती. देवळाजवळ पानासकट ओली हळद विकणारी एक म्हातारी बसली होती, तिच्या शेजारी आम्ही गोणपाट पसरलं. रामनाथने भिवंडीच्या बाजारासारखा गळा फाडून हिंदीत पुकारा सुरू केला. लोक दचकून लांबून जायला लागले. जे थांबत ते पंचा हातात घेत, कापड चिमटीत धरून बघत, मान डोलावत, मग घडी उलगडून टोक दिसलं की निमूट परत ठेवत. एक, दोन, दहा, वीस माणसं, सगळ्यांचं तेच. रामनाथने भाव उतरवला, तशी माणसं जास्तच संशयाने बघायला लागली. संध्याकाळी दोनशेतला एकही पंचा कमी झाला नव्हता. 

यात्रेचे म्होरके चांगदेवनाना. त्यांनी धर्मशाळेत सगळ्यांसमोर सुनावलं, की देवाच्या वाटेवर दुकान मांडलं की असंच होतं. उद्या अकराला बस सुटेल. संक्रांतीचं स्नान रामेश्वरला करायचंय, कोणासाठी पाच मिनिटं थांबणार नाही. रामनाथ भिंतीकडे तोंड करून बसला. मी उलगडलेले पंचे पुन्हा घडी घालत बसले.

तिथेच मला कळलं. धर्मशाळेच्या राखणदाराची बायको नव्या जावयासाठी आणलेलं धोतर घेऊन बसली होती. तिने वाटीत हळद कालवली, धोतराच्या चारी टोकांना स्वतःच्या बोटाने लावली आणि मग ते जावयाच्या हातात दिलं. मी धावत जाऊन आमचा पंचा तिच्यापुढे धरला. तिने टोकावरचा डाग बघितला आणि दोन्ही हातांनी मला परत दिला. तिच्या नवऱ्याला मोडकंतोडकं हिंदी येत होतं. तो म्हणाला, "अम्मा, ये तो किसी को दिया हुआ कपड़ा है."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती! तिथेही बोट लावतात, पण ते घरच्या बाईने लावायचं, आपल्या माणसाला कापड देताना. बाजारात बोट लागलेलं कापड म्हणजे वापरून झालेलं. दिवसभर आम्ही नवे पंचे जुने म्हणून विकत होतो आणि तो जुनेपणा माझ्या बोटांनी आणला होता. मी रामनाथला म्हटलं, तुझे लूम मी बुडवले. तो माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता उठला आणि कातर शोधायला गेला.

डाग धुऊन जाणारा नव्हता. म्हणून उजाडल्यापासून दोघं बसलो. टोकाला कातरीने खाच द्यायची, चार बोटं पट्टी सरळ फाडायची, मग आडवे दोरे ओढून दशा सोडायच्या. नऊ वाजेपर्यंत माझ्या बोटांची सालं निघाली. फुटपाथवर पोचलो तेव्हा रामनाथने म्हातारीकडची हळद घेतली आणि एकेक तुकडा प्रत्येक घडीवर ठेवला. पुकारा नाही, ओरडा नाही. मला म्हणाला, "वयनी, बोट त्यांचं त्यांना लावू द्या. आपन निस्ता कोरा माल आन् हळद द्यायची."

दहा वाजेपर्यंत कोणी फिरकलं नाही. माझं अर्धं लक्ष बसच्या दिशेला. मग एक बाई थांबली, पंचा उलगडला, चारी टोकं बघितली, हळदीचा तुकडा उचलून वास घेतला आणि हसली. तिने तीन घेतले. तिच्यामागून दुसरी आली. अकराला चांगदेवनानांनी माणूस पाठवला, तेव्हा एकशेवीस पंचे उरले होते.

रामनाथ म्हणाला, तुम्ही जा. मी बघतो. इथे खरं सांगते. माझ्या लग्नाला वीस वर्षं झाली होती आणि मला मूल नव्हतं. रामेश्वरला संक्रांतीचं स्नान करून पोर मागायचं, या एका नवसापायी मी बारा वर्षं सोमवार केले होते. माणूस उभा राहून घाई करत होता. रामनाथच्या एका हातात पंचे, दुसऱ्यात हळद, समोर चार बाया, आणि सुटे द्यायला तिसरा हात नाही. मी त्या माणसाला म्हटलं, जा बाबा, नानांना सांग बस सोडा.

बसचा हॉर्न ऐकला तेव्हा मी रडले. रडत रडत सुटे देत होते.

दिवेलागणीला एक दुकानदार आला. त्याने उरलेले सगळे उचलले आणि पुढच्या पोंगलसाठी सहाशे पंचे मागितले, टोकाला काहीही न लावलेले. तशी मागणी आणि पत्ता त्याने कागदावर मोडक्या हिंदीत लिहून दिला. संक्रांतीच्या स्नानाला पोचवेल अशी गाडी आता उरली नव्हती, म्हणून आम्ही मिळेल त्या गाडीने घरी आलो. हे ओटीवर बसले होते. गाठोडं कुठंय विचारलं, रामनाथने कागद पुढे केला. ह्यांनी तो दोनदा वाचला. मग माझ्याकडे बघून रामेश्वरचं तीर्थ मागितलं.

मी म्हटलं, न्हाय आणलं. बस सोडली.

ह्यांचा चेहरा उतरला. नवस ह्यांनाही ठाऊक होता. म्हणाले, "बारा वर्सं ज्याच्यासाठी उपास केलेस, ते पंच्यांपायी सोडलंस?"

"पोरच मागायला चालले होते ना?" मी म्हटलं. "ते तर माझ्या शेजारी बसलं होतं. त्याला फुटपाथवर टाकून कुठं जाऊ?"

 हे उठले, खुंटीवरचा सदरा अंगात घातला आणि सूतवाल्याला नाही म्हणायला नाक्याकडे चालू लागले.