खाणीत बसवलेली मेंढरं

चाचा कुठंही बसण्याआधी उजव्या पायातली चप्पल काढत आणि टाच जमिनीत दाबत. टाच रुतली तर बसत, नाहीतर पुढं चालू लागत. आमच्या कृषी कचेरीसमोरच्या सिमेंटवरही त्यांनी एकदा टाच दाबून पाहिली. "सायेब, हितं काय उगवायचं न्हाई," म्हणाले. आत आमचीच बैठक चालू होती, त्यामुळे मला हसता आलं नाही.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, एकच गोष्ट धरून बसलेलं. चाचांनी धरली होती गावची मुरमाची खाण. खर्ड्याकडं जाणारा रस्ता रुंद करायचा होता, तेव्हा गावच्या गायरानातून मुरूम द्यायचं ठरलं. चाचा तेव्हा पंच होते. ग्रामसभेत पहिला हात त्यांचा वर गेला. रस्ता चांगला झाला, पण गुरं चरायच्या जागी पुरुषभर खोल, उघडाबोडका खड्डा उरला. कुणी त्यांना बोल लावला नाही. ते स्वतःच लावून घेत. "हात माझा वर गेल्ता. आता मरायच्या आत तिथं गवत बघायचंय."

पहिला प्रयत्न आमचा, म्हणजे माझा. खाणीच्या तळाशी खड्डे घेतले, तळ्यातला गाळ भरला, कडुनिंबाची रोपं लावली. वर्षभर ती छान तरारली. मग मुळं खड्ड्याच्या कडेला लागली, पुढं नुसता मुरूम, आणि एकेक रोप वाळत गेलं. मी फोटो आधीच वर पाठवले होते. चाचा म्हणाले, "झाडं कुंडीत लावली तुमी. आदी जमीन करा, मग झाड." मला राग आला. खरं बोलणारं माणूस लगेच आवडत नाही.

मग त्यांनी स्वतःच सुरुवात केली. खोदताना काठावर ढकललेली वरची काळी माती चार माणसं लावून खाणीत पसरली. ती वाहून जाऊ नये म्हणून तिथल्याच दगडांच्या ताली घातल्या. तरी माती मेल्यासारखी पडून होती. "हिला खत पायजे, आन् वर चालनारे पाय पायजेत," ते म्हणाले.

दरसाल तूर निघाली की एक धनगर कळप घेऊन गावात येई. आपल्याकडं शेतकरी त्याला धान्य देऊन मेंढरं रात्री रानात बसवून घेतात; लेंडीखताला तोड नाही. चाचांनी त्याला ती खाणीत बसवायला सांगितलं. तो हबकलाच.

"चाचा, खडकावर? मेंढरं खातील काय, मुरूम?"

"दिसभर माज्या रानात चारा. तुरीचा पाला हाय. रातीला फकस्त हितं बसवा. जवारी माज्या घरून न्या."

बांधावर चाची उभ्या होत्या. त्या कडाडल्या, "आपलं रान उपाशी, आन् दगडाला जेवन!"

चाचींचं चूक नव्हतंच. पुढची तीन वर्षं असंच चाललं. त्यांची ज्वारी शेजाऱ्यांच्या ज्वारीपुढं खुजी दिसायची, आणि मला पाहिलं की चाची तोंड फिरवायच्या, जसा काही सल्ला माझाच होता.

लेंड्यांतून बाभळी उगवल्या. मेंढरांनी शेंगा कुठं खाल्ल्या होत्या, देव जाणे. चाचा मला हाताला धरून दाखवायला घेऊन गेले. गवत मात्र कुठंतरी एखादाच पुंजका.

तिसऱ्या वर्षी दम्यानं त्यांना बाजेवर आणलं. मी गेलो की विचारत, "आलं का?" एकदा मी म्हणालो, "आलंय की, घोट्याइतकं." ते माझ्याकडं बघत राहिले. "सायेब, कागदावरचं नगा सांगू. न्हाई आलं तरी चालंल, पन खरं सांगा." मी मान खाली घातली. ते खोटं मला आजही बोचतं.

उन्हाळा संपता संपता चाचा गेले. त्याच पावसाळ्यात खाणीत गवत आलं. कुठं कुसळी, कुठं मारवेल, गुडघ्याला लागेल एवढं. मी काठावर उभा राहून रडलो. दोन महिने थांबायला हवं होतं त्यांनी, फक्त दोन महिने. चाची येऊन बघून गेल्या. गावातली गुरं मात्र त्यांनी आत सोडू दिली नाहीत. "आदी बी पडू द्या," म्हणाल्या.

तूर निघाल्यावर धनगर आला. चाचा गेल्याचं त्याला वाटेतच कळलं होतं. तो ओट्यापाशी येऊन टेकला. मग म्हणाला, "औंदा कसं करायचं, चाची? तसंच?"

चाचींनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"न्हाई. औंदा उलटं. दिसभर खानीत चारा, लई गवत हाय तिथं. रातीला आमच्या रानात बसवा."

तो उठला आणि त्यानं कळप खाणीत उतरवला. चाची आणि मी काठावर उभे होतो. गवत वाळलं होतं तरी उभं होतं, आणि मेंढरांच्या नुसत्या पाठी दिसत होत्या.