जकार्ता, टोकियो आणि तालुक्याचा रकाना

आमच्या घरात कुठलाही अर्ज आबाच भरतात. रेशनकार्डाचा असो, गॅसचा असो की शाळेच्या दाखल्याचा. आबा, म्हणजे माझे वडील, साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात नोकरीला होते. कुणाचा ऊस किती, लावण कधीची, हे लिहिण्यात त्यांची हयात गेली, त्यामुळे रिकामा रकाना दिसला की त्यांचा हात शिवशिवतो. मी भूगोलात पीएच.डी. केली, तरी बारामतीच्या कॉलेजातल्या कायमच्या जागेचा माझा अर्ज त्यांनीच भरला. मी खाली सही ठोकली आणि वाचलासुद्धा नाही. ज्यांना हसायचं असेल त्यांनी हसून घ्यावं.

ती जागा मला हवीच होती. इतकी वर्षं मी तासावर शिकवत होते. सकाळी इंदापूरला, दुपारी बारामतीला, मधला सगळा वेळ एसटीत, आणि दर जूनमध्ये पुन्हा नव्याने विचारायला जायचं की यंदा तास आहेत का. 'ही जागा हुकली तर शिकवणं बंद, मी घरी बसणार,' असं मी घरात सांगून टाकलं होतं. ते ऐकून आई दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

मुलाखतीत एक नमुना पाठ घ्यायचा होता. विषय आपला आपण निवडायचा. बाकीचे उमेदवार मान्सून, मृदा, खडकांचे प्रकार असलं ठरावीक काही घेऊन येणार हे मला माहीत होतं. मी निवडलं आशियातल्या सर्वांत मोठ्या महानगरांच्या लोकसंख्येची तुलना. मैत्रीण म्हणाली, "अगं, ते तर स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात एका चौकटीत असतं." मला त्या चौकटीचाच राग. मुलं पहिलं कोण, दुसरं कोण हे घोकतात, आणि मोजताना हद्द कुणी कुठे धरली हे एकही जण विचारत नाही. मी मोठा तक्ता केला. वेगवेगळ्या मोजण्यांत शहरांचे नंबर कसे वरखाली होतात ते त्यात रंगांनी दाखवलं होतं. तक्ता देखणा झाला होता, मीच केला होता म्हणून सांगत नाही.

मुलाखतीला आबा बरोबर आले. नको म्हटलं तरी आले आणि डबा मांडीवर घेऊन आवारातल्या कडुलिंबाखाली बसले.

आत तिघं होते. प्राचार्य, बाहेरून आलेल्या विषयतज्ज्ञ बाई आणि संस्थेचे एक वयस्कर सदस्य. मी तक्ता लावला आणि सुरुवात केली. टोकियो, दिल्ली, शांघाय, ढाका, जकार्ता. दोनच मिनिटं झाली असतील, बाईंनी हात वर केला. "आपण सगळे लहानपणापासून टोकियो पहिलं असंच शिकलो. मग नव्या मोजणीत जकार्ता वर कसं गेलं? तिथं अचानक एवढी माणसं आली कुठून?"

मला हाच प्रश्न हवा होता. मी तोंड उघडणार एवढ्यात ते वयस्कर सदस्य माझा अर्ज चाळता चाळता थांबले.

"मॅडम, जकार्ता राहू द्या जरा. तुमच्या दाखल्यावर तालुका इंदापूर हाय. अर्जात बारामती लिवलंय. ते कसं काय?"

मी अर्ज हातात घेतला. आबांचं ठसठशीत अक्षर. तालुका : बारामती. सदस्य पुढे म्हणाले, "हितलं म्हणून सांगितलं की बरं पडतं, असं वाटलं व्हय तुमाला?"

खरं तर आमच्याकडचे सगळेच ही चूक करतात. सणसरच्या आसपासची आमची गावं कागदावर इंदापूर तालुक्यातली. पण पुण्यात कुणी विचारलं की कुठले, तर तोंडातून निघतं 'बारामतीचे'. त्यात खोटं बोलतोय असं कुणालाच वाटत नाही. हे मला तिथे न चिडता समजावून सांगायचं होतं.

मी खडू उचलला. "सर, तालुका चुकलाय. सही माझी आहे, म्हणजे चूक माझी. अर्ज दुरुस्त करून देईन. पण ही चूक कशी होते ते सांगितलं, तर बाईंच्या प्रश्नाचंही उत्तर मिळेल."

प्राचार्यांनी मान हलवली. मी तक्ता बाजूला सारला आणि फळ्यावर आमचा कालवा काढला. कालव्याच्या काठाने रस्ता, रस्त्यावर आमचं गाव, पलीकडच्या टोकाला बारामती. मधे एक तुटक रेषा, ती तालुक्याची. मग गावातून बारामतीकडे बाण काढत गेले. बाजार इकडे. दवाखाना इकडे, माझा जन्मही इकडचाच. कंपनीत पाळीला जाणारी पोरं इकडे. उसाचे ट्रॅक्टर माळेगावच्या कारखान्याला, ते पण ही रेषा ओलांडून. शिकायला मी इकडे, आणि आता शिकवायलाही इथेच. सात-बारा काढायचा असला की मात्र इंदापूर.

"कागदाने मोजलं तर मी बारामतीत नाही," मी म्हणाले, "बाणांनी मोजलं तर आहे. जकार्ताचं हेच झालं. माणसं एका रात्रीत आली नाहीत. शहराला लागून असलेली दाट वस्ती आधी हद्दीबाहेर म्हणून सोडत होते, ती आता धरली. चीनमधल्या चोंगछिंगचं उलटं. तिथं शहराच्या नावाखाली डोंगर आणि शेतंसुद्धा येतात, म्हणून कागदावरचा आकडा अफाट फुगतो. तेव्हा कुठलंही महानगर कितवं हे विचारायच्या आधी रेषा कुठून ओढली ते विचारायचं."

नंतर मी दिल्ली घेतली, ढाका घेतलं, आणि प्रत्येक वेळी फळ्यावरच्या आमच्या गावाशी येऊन तुलना केली. फळ्यावरच्या आमच्या गावाच्या ठिपक्याशेजारी शांघाय मांडताना मला जो अभिमान वाटला, तो पीएच.डी.चा कागद हातात पडला तेव्हाही वाटला नव्हता. सदस्य फळ्याकडे बघत म्हणाले, "म्हंजी आमचं पावणं इंदापूर तालुक्यातल्या भिगवणचं असून बारामती सांगत्यात, ते काय खोटं न्हाय म्हणायचं." बाई हसल्या आणि त्यांनी पुढचे प्रश्न विचारले. एकाही प्रश्नाला मी अडले नाही.

बाहेर आल्यावर मात्र मी आबांवर उखडले. "आबा, इंदापूर लिहायला काय झालं होतं? जागा गेली असती ना माझी!"

आबांनी डबा पिशवीत ठेवला. मग म्हणाले, "नोकरीला लागलो तवा एसटीत लोक इचारायचे, कुठलं पावणं? गावाचं नाव सांगितलं की म्होरं इचारायचे, गावात कुठं? वड्याअलीकडं का पलीकडं? पलीकडं म्हटलं की लांब सरकून बसायचे. मग मी बारामती सांगाय लागलो. बारामती म्हटल्यावर कुणी म्होरं इचारत न्हाय. हाताला सवय लागली पोरी."

आमची वस्ती ओढ्यापलीकडची. आजोबांच्या पिढीने बौद्ध धम्म घेतला, पोरं शिकवली, आज वस्तीवर नोकरदार नाही असं घर सापडत नाही. तरी गावाच्या जुन्या नकाशात गावठाणाची रेषा ओढ्याशी थांबते आणि आमची घरं रेषेबाहेर राहतात. तासभर आशियाभरच्या हद्दींवर व्याख्यान झोडून आलेली मी, आणि माझ्या बापाने जन्मभर त्याच रेषेपायी गावाचं नाव गिळलं हे मला ठाऊक नव्हतं. मला माझीच लाज वाटली. परतीच्या एसटीत मी त्यांच्याशी भांडले नाही.

चार दिवसांनी फोन आला. निवड झाली होती. अर्ज तेवढा नवा भरून द्या, आणि स्वतःच्या अक्षरात, असं ऑफिसमधून बजावलं. आई रडली, आबा उगीचच अंगणात जाऊन पाण्याची मोटर चालू करून आले. मी टेबलावर अर्ज घेतला आणि पत्ता लिहिला. आमच्या वस्तीचं नाव, ओढ्यापलीकडे, गावाचं नाव, तालुका इंदापूर.

आबांनी चष्मा चढवून तो वाचला. मग परत वाचला.

"वड्यापलीकडं कशाला घातलंस?"

"नेमणुकीचं पत्र बरोबर घरी यायला पाहिजे, आबा."

त्यांनी अर्ज माझ्याकडे सरकवला. "मग जरा ठळक लिव्ह की. एवढ्याशा अक्षरात कुणाला दिसंल व्हय?"