घोडेवाल्या बाबाची मिशी

"काळं फासलं वं माय! आपल्या देवाले काळं फासलं!"

शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून, एक बाई बोंबलली आन् मी माह्या हाताकडे पाह्यलं. दोन्ही हात काळे. काखेत माही गुड्डी, वर्षाची, तिचंबी नाक काळं. आन् समोर देव, काळाठिक्कर. सर नाई. ऑफिसचा फोन आला म्हणून नेटवर्क पाहत संत्र्याच्या बगिच्यात घुसले, थे घुसलेच.

मी सातवीपर्यंत शिकली. हे सर नागपूरच्या पुरातत्त्व ऑफिसातले, आमच्या नरखेडकडच्या गावात जुन्या कोरीव गोट्याचं रेकॉर्ड कराले आले, मले हेल्पर ठेवलं. गावात ह्या देवाले घोडेवाला बाबा म्हणतात. सर म्हणे, वीरगळ. म्हणजे लढाईत मेलेल्या माणसाच्या नावानं लावलेला गोटा, हजार वर्षाच्या वरचा. खाली तीन ओळी कोरल्या हायेत, झिजल्या, म्हणून ठसा काढाचा. म्हणजे साऱ्या गोट्यावर ओला कागद चिपकवाचा, ब्रशनं ठोकून ठोकून अक्षरात बसवाचा, मंग वरून शाईची गादी हळूच मारत जाची. अक्षर पांढरं रायते, बाकी काळं. गोट्याले शाई लागतच नाई. पण धुऱ्यावरून हे कोणाले दिसते?

पाच मिनटात अर्धं गाव जमा. पुढे सरपंच. सरपंच म्हणजे माहे चुलत भासरे, नवऱ्याचे मोठे चुलतभाऊ. आमच्यात भासऱ्याशी तोंड उघडून बोलत नाई. मी डोक्यावर पदर घेतला, त्यालेबी शाई लागली.

मंग सरपंचाले सांगाचं थे मी गुड्डीलेच म्हटलं, "गुड्डे, मोठ्या बाबाले सांग, शाई कागदावर हाये, देवाले नाई लागली."

गुड्डी म्हणे, "बू."

सरपंचबी माह्याकडे न पाहता गुड्डीलेच म्हणते, "गुड्डी, तुह्या मायले विचार, कोणाच्या परमिशननं करून रायली हे?"

"सांग गुड्डे, सरच्या."

"मंग सर कुठी हाये?"

"बगिच्यात. नेटवर्क पाहून रायले."

मांगून एक पोट्टा चिल्लावला, "लेकराशी काहून बोलता गा सरपंच! तिलेच विचारा ना!"

"थांब बे! भावसून हाये माही. रीतभात हाये का नाई तुले?"

रीतभात होती. पण त्या पोट्ट्याच्या हातात लोखंडी सब्बल होती. "देव उपटा," थो म्हणे, "ट्रॅक्टरवर टाका, मंदिरात नेऊ!" त्यानं सब्बल गोट्याच्या बुडाशी लावली. बरोबर अक्षराच्या तिथंच.

सरनं मले एकच गोष्ट घोकवली होती: कागद वाळल्याबिगर काढाचा नाई, फाटते. पण देवाले शाई नाई लागली हे दाखवाले दुसरा उपाय नव्हता. मी डोळे मिटले आन् कागद ओढला.

फर्रकन फाटला. दोन ओळी कागदावर आल्या, तिसरीचा चोथा झाला.

पण खालून देव निंघाला, सकाळीच जुनी माती घासून धुतलेला, लख्ख. घोडा, तलवार, वर चंद्र-सूर्य. मंग थो सब्बलवालाच म्हणे, "अबे, मिशी हाये देवाले!"

सारेच पाया पडले. सब्बलवाला सब्बलीसकट.

सर आले, फाटका कागद पाहून खालीच बसले. "अगं रेखा, वाळू तरी द्यायचा होतास."

"सर, सब्बल थांबत नव्हती."

"बरं. सोमवारी दुसरा काढू."

सोमवारी गेलो त देव गुलाबी. ऑइल पेंट, दोन कोट. मिशी काळीभोर, वर पिळलेली. अक्षरं पेंटानं बुजली. सरपंच खुशीत. "सर, मिशीवाला देव आन् असा बिनरंगाचा? बरं वाटते का? आन् आता कोणी काळं फासलं त ओल्या फडक्यानं पुसता येते."

सरनं ऑफिसात फोन लावला. तिकडून म्हणे, गोटा फुटला का? नाई फुटला. मंग रिपोर्टात लिवा, सुस्थितीत. सरनं लिवलं. खाली रंगाचा रकाना होता, थोबी भरला: गुलाबी.

पेंट काढाची मंजुरी याची हाये अजून. तिसरी ओळ पेंटाच्या खाली हाये. सर मले रागावत नाई, पण गोट्याकडे पाह्यलं की माह्याकडे पाहतात.

आता कागद नसता काढला त सब्बल बसली असती. काढला म्हणून मिशी दिसली, आन् मिशी दिसली म्हणून पेंट आला. काखेत लेकरू, समोर भासरे, सर बगिच्यात. तुमीच सांगा, तुमी काय केलं असतं?